मी काहीच दाबलं नव्हतं

आणि वर मलाच विचारतात, "काय हो, एवढ्या सकाळी गाडी कशाला घुमवत ठेवता?" समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर. गळ्याला मफलर, हातात दुधाची पिशवी आणि चेहरा असा, की मी पाचवीत आहे आणि वहीला कव्हर घातलेलं नाही. म्हटलं, मास्तर, गाडी मी चालू केलेली नाही. "मग कोणी केली?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं? मी वरच्या मजल्याच्या खिडकीतून अर्धा बाहेर, अंगात बनियन, तोंडाला साबण, आणि खाली माझी गाडी… आत माणूस नाही, किल्ली माझ्या टेबलावर, रिमोट किल्लीच्या शेजारी, आणि इंजिन आपलं घुर्रर्र, घुर्रर्र, मांजर मांडीवर घेतल्यासारखं. तुम्हाला सांगतो, अगदी शपथेवर सांगतो, मी काहीच दाबलं नव्हतं.

मुळात ही रिमोटची भानगड माझी नव्हेच, आमच्या हिची. ही शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. पोरांच्या आधी जाऊन परीक्षानळ्या मांडायच्या, म्हणजे घरातून निघायचं ते गवतावर बर्फाची पांढरी साय असताना. आणि बाईला थंडी किती वाजावी! उन्हाळ्यात पायात मोजे घालणारी बाई ती. हिवाळ्यात तर नुसतं नाक दिसायचं, बाकी सगळी लोकर. रोज सकाळी गाडीत बसली की पहिलं वाक्य, "अहो, ही सीट आहे की लादी?" मग गॅरेजवाल्याने सांगितलं, वहिनी, एक यंत्र मिळतं, घरात बसून बटण दाबायचं, खाली गाडी चालू, तुम्ही चहा संपवून जाईपर्यंत आतून उबदार. बस्स. चहा संपवून गाडीत बसायचं आणि तेही उबदार! तिने त्याला यंत्राची किंमत विचारली नाही, फक्त "कधी बसवता?" असं विचारलं.

बसवलं. दोन रिमोट मिळाले, एक तिला, एक मला. बटण जरा वेळ दाबून धरायचं, मग गाडी दोनदा दिवे मिचकावते आणि चालू होते, आणि कोणी आलंच नाही तर थोड्या वेळाने आपली आपण बंद होते. ही पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून बटण दाबते आणि गाडीने डोळे मिचकावले की हसते! बंद करते, परत दाबते, परत हसते! म्हटलं, अगं तिला काय हाक मारतेस? तर म्हणते, "बघा, एका हाकेला ओ देते. नाहीतर तुम्ही."

सोय कसली, तुम्हाला सांगतो, डोक्याला ताप. आदल्या दिवशी वायपर चालू ठेवून गाडी बंद केली असेल, तर सकाळी कोरड्या काचेवर खर्रर्र खर्रर्र. रेडिओ मोठा राहिला असेल, तर अख्ख्या गल्लीला बातम्या. गाडी चालू आहे म्हणून तुम्ही ऐटीत दार उघडून बसावं आणि किल्ली फिरवायच्या आधी ब्रेकवर पाय पडला, की बंद! का? तर चोराने नेऊ नये म्हणून. अहो, मी मालक आहे! तिला काय त्याचं. आणि एकदा बँकेसमोर खिशातल्या खिशात बटण दाबलं गेलं. मी आत रांगेत, बाहेर गाडी चालू, आत कोणी नाही, आणि हवालदार तिच्याभोवती फेऱ्या घालतोय. मी बाहेर आलो तर मला विचारतो, "ड्रायव्हर कुठे पळाला?" म्हटलं, साहेब, ड्रायव्हर मीच. "मग आत कोण होतं?" कोणी नाही. "मग चालू कोणी केली?" तेव्हा मी खरंच दाबलं होतं हो, चुकून का होईना. तेव्हा निदान उत्तर तरी होतं.

मागच्या हिवाळ्यात ही गेली.

सांगून टाकलं एकदा, म्हणजे तुम्ही मध्येच "वहिनी काय म्हणतात?" असं विचारायला नको. लोक विचारतात. आजार तसा लांबलाच, शाळा सुटली, मग त्याच वेळी दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि तिची थंडी आणखी वाढली. आत हाडापर्यंत गेली म्हणायची. पण रिमोट सोडला नाही. मी म्हणायचो, तू कशाला, मी चालू करतो, तर नाही, "माझी गाडी मीच उठवणार." आणि शेवटच्या दिवसांत तो तिचा रिमोट कुठे गेला कोणास ठाऊक. घर पालथं घातलं. गादीखाली, फ्रिजवर, पिठाच्या डब्यात. ती पडल्या पडल्या म्हणायची, "सापडेल हो, घरातच आहे, जाणार कुठे." ती गेली. रिमोट काही सापडला नाही.

मग माणसं आली, घर भरलं, ताईने सगळं हातात घेतलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिने एकदा हातात घेतलं की यमसुद्धा चप्पल बाहेर काढून येतो. हिची कपाटं रिकामी केली, साड्या वाटल्या, स्वेटर वाटले, "वस्तू बघत बसलास की माणूस सुटत नाही" म्हणाली. बरोबर आहे तिचं. मी सगळं देऊ दिलं. मग एकेक करत सगळे आपापल्या घरी गेले. ताई शेवटची गेली. त्या संध्याकाळी घरात इतकं शांत झालं, की फ्रिज बंद-चालू होताना मी दचकत होतो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी बाथरूममध्ये, गालाला साबण लावलाय, वस्तरा कानापाशी… आणि खालून आवाज. घुर्रर्र.

तुम्हाला सांगतो, तो आवाज मी झोपेत ओळखेन. खिडकीत आलो. गाडी चालू. दिवे लागलेले, मागे धुराची पांढरी शेपटी, आणि आत कोणी नाही. मी वस्तरा हातात धरून जिना उतरलो. वाटलं, चोर. चोर असता तर किती बरं झालं असतं! दार उघडलं. माझी सीट बर्फासारखी गार. आणि सहज म्हणून हात शेजारच्या सीटवर टेकवला, तिच्या…

गरम होती हो.

माझी गार आणि तिची गरम. कोणीतरी आत्ता उठून गेल्यासारखी. मी तिथेच उभा, बनियनवर, पायात स्लिपर, थंडी की काय ते कळेना, आणि समोरून मास्तर, "अहो, बंद करा की ती!" म्हटलं, मी काहीच दाबलं नव्हतं. "मी काय दाबलं विचारलं का? बंद करा म्हटलं."

माझा धंदा काय, तर कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, आम्ही मेण, प्लॅस्टर, घासकाम करून कवळी तयार करून देतो. आता कवळी बनवायला टाकणारी माणसं बहुतेक वयाची. काहीजण न्यायला येतच नाहीत. का येत नाहीत ते आम्ही विचारत नाही. पण कवळ्या टाकवत नाहीत, म्हणून त्या माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर ओढला की सगळ्या एकदम हसतात. इतकी वर्षं मी त्या ड्रॉवरशेजारी बसून डबा खाल्लाय, कधी घास अडकला नाही. मी घाबरणारा माणूस नाही! पण त्या सीटवरून हात उचलला ना, तो दिवसभर खिशातून बाहेर काढला नाही मी. कारखान्यात सहकारी विचारतोय, "हाताला लागलं का?" म्हटलं, नाही, गरम आहे.

पुढच्या दिवशी परत. त्याच्या पुढच्या दिवशी परत. मी दाढीला बसायचा अवकाश, खाली घुर्रर्र. आणि ऐका, रविवारी नाही! रविवारी मी सकाळपासून कान लावून बसलोय, गाडी गप्प. सोमवारी हजर. आता तुम्हीच सांगा, रविवारी सुट्टी कोणाला असायची? मला तर अंगावर काटा आला. म्हणजे घाबरलो म्हणून आला असं नाही… आला.

गॅरेजवाल्याकडे गेलो. हा भला माणूस, हातभर ग्रीस आणि तोंडभर हसू. सगळं ऐकून घेतलं, गाडीखाली शिरला, वर आला, म्हणतो, "काका, यंत्र ठणठणीत आहे. कोणीतरी बटण दाबल्याशिवाय ते काही करणार नाही." म्हटलं, मी काहीच दाबलं नव्हतं. "दुसरा रिमोट?" हरवला. "कधी?" म्हटलं, ही असताना. आणि सीटचं काय? तो आत वाकला, बटणांकडे बघितलं, "हे काय, वहिनींच्या सीटचं गरम करायचं बटण चालूच राहिलंय की. गाडी चालू झाली की सीट तापणारच. तुमच्या बाजूचं बंद आहे, म्हणून तुमची गार. बंद करून टाकू हेही?" आणि बोट पुढे केलं. मी त्याचं मनगट धरलं. का धरलं माहीत नाही. म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "बॅटरी खाते, काका." म्हटलं, खाऊ दे.

ताईला फोनवर सांगितलं. चूक झाली. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन दारात. "तुला एकटं ठेवणंच चुकलं. बघू दे मला कशी चालू होते ती." राहिली. आणि ती होती तेवढे दिवस, तुम्हाला सांगतो, गाडीने हूं की चूं केलं नाही! मी दार घट्ट लावून, साबण लावून, श्वास रोखून ऐकतोय, आणि खाली कावळे. ताई नाश्त्याला माझ्याकडे असं बघायची, अशी, मान एका बाजूला करून, "तू झोपतोस ना नीट?" म्हटलं, ताई, तुला घाबरत असेल ती. "कोण ती? गाडी?" हिचं आणि ताईचं तसं कधी जमलं नाही, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

जाताना ताईने दोन हुकूम सोडले. एक, "गाडी वीक." आणि दुसरा, बाथरूमच्या दारामागे बोट दाखवून, "तो कोट कोणाला तरी दे. थंडीत अंगावर तरी जाईल कोणाच्या." हिचा कोट हो. जाड, लोकरीचा, करड्या रंगाचा. ती तो बाथरूमच्या दारामागच्या खुंटीला लावायची, का? तर "अंघोळीच्या वाफेने ऊब धरून राहतो." आणि मला वाफेचा आरशावर धूर नको, म्हणून मला दार सताड उघडं हवं, ते आपलं आपण मिटतं म्हणून त्याला भरलेली बादली लावायची, की ही ओरडलीच, "अहो, दार लावून करा दाढी! कोट चेपतो माझा!" वर्षानुवर्षं मी आंधळ्यासारखी दाढी केलीय, हनुवटीखाली सुटलेल्या केसांसकट कारखान्यात गेलोय. आता कोणी ओरडणारं नाही. आता दार उघडं, आरसा लख्ख. ताईसारखं कोणी बाईमाणूस घरात असलं तरच लावतो. ताईला म्हटलं, देतो कोट. दिला नाही. हातच लावला नव्हता मी त्याला.

पण गाडी विकायची ठरवली. खरंच ठरवली. कारण एका सकाळी मी स्वतःला पकडलं. चहाचे दोन कप भरून, एक हातात घेऊन, खिडकीत उभा, गाडीकडे बघत म्हणतोय, "थांब गं, आलो." मास्तर खाली उभे. त्यांनी ऐकलं, पण त्या दिवशी काही बोलले नाहीत. मास्तर बोलले नाहीत म्हणजे प्रकरण किती पुढे गेलं असेल बघा!

गिऱ्हाईक आलं. चोख माणूस, विमा कंपनीत, पांढरा शर्ट, अंगठ्याने टायर दाबून बघणारा. सांगितल्या वेळेच्या आधीच दारात. म्हटलं, तुम्ही बघा निवांत, मी तोंडावर वस्तरा फिरवून आलोच. तो म्हणे, "घाई नाही. गाडीची परीक्षा सायलेन्सरवरून होते, मी बघतो वाकून." मी वर गेलो, दार उघडलं, बादली लावली, साबण लावला… आणि खालून घुर्रर्र, आणि त्याच्यावर एक किंकाळी. खिडकीत येतो तो काय, चोख माणूस गाडीमागे बसकण मारून, शर्टावर काळा पंखा उमटलेला, आणि ओरडतोय, "आत कोण आहे? कोण आहे आत?" म्हटलं, कोणी नाही! "मग चालू कोणी केली?" म्हटलं, साहेब, मी काहीच दाबलं नव्हतं! तोंडभर साबण असलेला माणूस वरून असं ओरडतोय म्हटल्यावर तो तरी काय करणार. गेला. चालत गेला आधी, मग कोपऱ्यावरून पळत.

मी खाली उतरलो, तिच्या सीटवर जाऊन बसलो. गरम होती. आणि तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी मला हसू आलं. म्हटलं, नाही जायचं ना तुला? बरं. नाही विकत.

मग आमचं चांगलं चाललं की. मी दाढी करायची, तिने यायचं, मी कप घेऊन खाली जाऊन जरा वेळ शेजारी बसायचं. काही बोलायचं असं नाही. कवळीत कोणता दात बसत नाहीये, मास्तरांनी कोणाला काय शिकवलं, असंच. मग गाडी आपली आपण बंद व्हायची. उन्हाळ्यातसुद्धा! घामाघूम होऊन मी तिच्या तापलेल्या सीटवर.

आणि ह्या हिवाळ्यात, पहिल्या कडक थंडीच्या सोमवारी, मी साबण लावून उभा… आणि काही नाही.

वाटलं, होईल. वस्तरा हातात धरून थांबलो. गालावर साबण वाळला. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. खाली गेलो, तिची सीट… लादी. तिचाच शब्द. त्या लादीवर बसलो आणि रडलो, वर्षभरात पहिल्यांदा, स्टेअरिंगकडे तोंड करून, मास्तर बघत असतील तर बघोत. ही गेली तेव्हा घरात इतकी माणसं होती, की रडायला जागा नव्हती. आता जागाच जागा.

गॅरेजवाल्याला फोन केला, म्हटलं, ताबडतोब ये, गाडी बिघडलीय. "काय झालं, काका?" आपोआप चालू होत नाही. तो म्हणाला, "काका… मग ते चांगलं ना?" म्हटलं, तू येतोस की नाही?

आला बिचारा. माझा रिमोट दाबून बघितला, गाडी एका हाकेला चालू. "ठणठणीत आहे, काका." मग हात धुवायला वर बाथरूममध्ये गेला. ग्रीसचे हात म्हणून दाराला कोपराने ढकललं जोरात, आणि दारामागे टक्. कडक काहीतरी भिंतीच्या फरशीवर आपटल्याचा आवाज. त्याने दार मागे घेतलं, परत ढकललं. टक्. "काका, ह्या कोटाच्या खिशात काय आहे?"

म्हटलं, हात लावू नकोस. ओरडलोच त्याच्यावर. घर पालथं घातलं होतं ना मी? पिठाचा डबा बघितला होता. तो खिसा तेवढा राहिला होता. राहिला म्हणजे… राहू दिला होता. तिथे हात घातला की आत तिचा हात नसणार, हे मला माहीत होतं.

घातला. रुमाल, लवंगेची पुडी, आणि रिमोट. घरातच होता. जाणार कुठे.

गॅरेजवाला कोटाकडे बघतोय, बादलीकडे बघतोय, आरशाकडे बघतोय. "काका, तुम्ही दाढी करताना दार उघडं ठेवता? बादली लावून? मग दार भिंतीला टेकतं, मध्ये खिसा चेपतो, बटण दाबलं जातं… आणि रविवारी दाढी करत नाही तुम्ही. आणि ताई होत्या तेव्हा दार लावत होतात." मला वाटलं तो हसेल. हसला नाही. रिमोट उघडून बघितला, म्हणाला, "आतला सेल संपलाय, म्हणून आता होत नाही. एवढंच होतं बघा. आता हा रिमोट ड्रॉवरमध्ये टाका, कटकट संपली."

म्हणजे वर्षभर मीच. तोंडाला साबण लावून मीच तिला हाक मारत होतो आणि मीच खिडकीत जाऊन घाबरत होतो. आणि ती आपली वर्षभर तेवढंच म्हणत होती, अहो, दार लावा, कोट चेपतो माझा.

त्याला चहा पाजला, गेला तो. मी रिमोट ड्रॉवरमध्ये टाकला. त्या कवळ्यांच्या ड्रॉवरमध्ये, कारखान्यात. टाकला आणि ड्रॉवर मिटला. मग परत उघडला. सगळ्या हसत होत्या. म्हटलं, हसा. आणि उठून घड्याळवाल्याच्या दुकानात गेलो, म्हटलं, ह्याच्यात बसेल असा सेल दे. तो म्हणे, "चांगला देऊ की साधा?" म्हटलं, जास्तीत जास्त टिकणारा दे.

बटण बाहेरच्या बाजूला येईल असा तो खिशात नीट ठेवला, कोट खुंटीला नीट लावला, आणि आता सगळं माहीत आहे, यंत्र माहीत आहे, खिसा माहीत आहे, भुताखेताचं काही नाही, मी अडाणी नाही. फक्त एक बदल झालाय. मी हल्ली रविवारीसुद्धा दाढी करतो.

परवाच्या रविवारी मास्तर खिडकीतून, "अहो, आज तरी झोपू द्या! कोण चालू करतं ती गाडी रोज?" मी साबणाचं तोंड बाहेर काढलं, दोन्ही हात वर करून दाखवले, एका हातात वस्तरा, एका हातात ब्रश. म्हटलं, मास्तर, तुम्हीच बघा… मी काहीच दाबलं नव्हतं.